जावईबापूंची पाठ

कंपनीत तिला सगळे साचेबाई म्हणत. यानातून जाणाऱ्या माणसाच्या पाठीचा प्लास्टरमध्ये साचा काढायचा आणि त्या साच्याबरहुकूम त्याची सीट घडवायची, हे तिचं काम. यान वर जाताना जे काय होतं त्याची काळजी इंजिनवाले करत. साचेबाईची काळजी परतीची. माणूस बसलेली कुपी छत्रीला लोंबकळत खाली येते आणि मिठाच्या सपाट माळावर आदळते. त्या दणक्याला डोळे असतात, असं साचेबाईचं मत होतं. पाठ आणि सीट यांच्यात कुठे बोटभर पोकळी राहिली असेल, तर तो नेमका तिथेच जाऊन कणा धरतो.

म्हणून साचा खरा हवा. आणि खरा साचा देणारा माणूस साचेबाईला अजून भेटायचा होता.

माणसं तोंडाने खोटं बोलतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पाठीने ती त्याहून जास्त खोटं बोलतात, हे ज्ञान तिला याच खोलीत मिळालं होतं. एरवी पोत्यासारखा बसणारा माणूस माप घ्यायला टबात आडवा केला की पोट आत, छाती वर, खांदे मागे. झोपल्याझोपल्या सावधान. अशा पाठीवर प्लास्टर ओतलं, तर सीट तयार होते ती फोटोतल्या माणसाची. तो माणूस यानातून कधी जात नाही. जातो तो दुसराच, ज्याचा डावा खांदा झुकलेला असतो आणि कंबर जरा बाहेर आलेली.

यावर तिचा इलाज होता गप्पा. टबाशी स्टूल ओढून ती बसायची आणि टबातल्याला छेडायची. घरात हुकूम कोणाचा चालतो, लग्नाआधी केस किती होते, साहेबांच्या भाषणात झोप कोणत्या वाक्याला लागली. माणूस आधी कसनुसं हसायचा, मग खरं हसायचा, आणि हसून हसून दमला की एक लांब सुस्कारा टाकायचा. त्या सुस्काऱ्याबरोबर पाठ खाली यायची. पाहुणे गेल्यावर घरातली माणसं जशी जिथल्या तिथे बसकण मारतात, तशी. "आली घरी," असं साचेबाई पुटपुटायची आणि ओतायला घ्यायची. सुस्काऱ्याआधी थेंबही नाही, हा तिचा नेम. तो तिने कोणाहीसाठी मोडला नव्हता. मोडला तो जावयासाठी.

कंपनीचे मालक पूर्वी पाण्याचे पंप बनवायचे. रॉकेट म्हणजे शेवटी तापट डोक्याचा पंपच, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि समोरच्याचं उत्तर ऐकायला थांबत नसत, म्हणून त्यांचं नाव घाईसाहेब पडलं होतं. आकाशातल्या दोन चंद्रांपैकी थोरल्याचं कौतुक सगळ्या जगाने करून झालं होतं. धाकट्याकडे कोणी वळून बघत नव्हतं. तो लहान, ओबडधोबड आणि सतत धावपळीत. घाईसाहेबांचा जीव नेमका त्याच्यावर जडला. धाकट्याला वळसा घालून माणूस परत आणायचा, हा कंपनीचा पहिला मोठा बेत. एकच माणूस जाणार होता, आणि निवड झाली ती साचेबाईच्या लेकीच्या नवऱ्याची.

जावई गुणी होता. इतका गुणी की साचेबाईला कधी कधी धाप लागायची. ती घरात आली की तो उठून उभा राही. ती बसेपर्यंत बसत नसे, आणि बसला तरी खुर्चीच्या कडेवर, हात गुडघ्यांवर. लग्नाला वर्षं झाली, पण त्याने तिच्यासमोर कधी जांभई दिली नव्हती. तीही काही कमी नव्हती. तो येणार म्हटलं की ती पायातल्या ढिल्या सपाता बदलायची, दुखरा गुडघा टेबलाखाली लपवायची आणि "जावईबापू, बरे आहात ना?" एवढ्यावर थांबायची. तो "हो आई, तुमची कृपा" म्हणायचा. मग दोघंही लेकीकडे बघायची, आता हिने काहीतरी बोलावं म्हणून.

साच्याच्या दिवशी तो टबात आडवा झाला तो फळी टाकावी तसा. शेजारी अस्तरवाली उभी होती. सीटला आतून मऊ कापड चढवणारी ही बाई साचेबाईची जोडीदारीण. तिच्या जिभेला कधी सुट्टी नसायची, आणि साचेबाईची मस्करी सुरू होण्याची ती वाटच बघत होती. मस्करी सुरू होईना. साचेबाईने टोपी नीट केली, हातमोजे नीट केले, आणि विचारलं, "थंडी नाही ना वाजत?"

"नाही आई. अगदी छान आहे."

घरात हुकूम कोणाचा चालतो हे जावयाला विचारायची सोय नव्हती, कारण उत्तर तिला माहीत होतं आणि ते तिच्याच पोटचं होतं. अस्तरवालीने कोपराने ढोसलं, तर साचेबाई कुजबुजली, "अगं, जावई आहेत." सुस्कारा काही आला नाही. तिने मनाशी म्हटलं, तगडा माणूस आहे, कवायतीतला आहे, याची पाठ असेलच अशी. आणि ओतलं.

सीट देखणी झाली. घाईसाहेबांनी तिच्यावरून हात फिरवला आणि उत्तर न ऐकता निघून गेले, म्हणजे पसंत पडली. जावई रोज त्या सीटमध्ये पडून चाचण्या देऊ लागला. यंत्रावर बांधून माणसाला गदागदा हलवणाऱ्या त्या खोलीला कामगार घुसळणखाना म्हणत. साचेबाई येताजाता विचारी, सीट कशी आहे. उत्तर ठरलेलं असे. उत्तम, आई.

असंच चाललं असतं. पण लेकीच्या घरासमोरचा रस्ता नळासाठी खणून ठेवला, आणि साचेबाईला तिचा राहिलेला डबा द्यायला मागच्या बोळातून जावं लागलं. बोळाच्या तोंडाशीच स्वयंपाकघराची खिडकी. खिडकी उघडी होती. आत बुटक्या स्टुलावर एक माणूस मटार सोलत बसला होता.

साचेबाईने त्याला चटकन ओळखलंच नाही. पाठ अशी गोल झालेली की स्टुलावर गाठोडं ठेवलंय असं वाटावं. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली, मान पुढे. पाय इतके फाकलेले की मधून मांजर आरामात जाईल. दोन दाणे भांड्यात आणि एक तोंडात, असा हिशेब चालला होता, आणि तोंडाने बेसूर गाणं. ओट्यावर चढून बसलेली तिची लेक त्याला सालं फेकून मारत होती आणि तो ती चुकवत नव्हता. त्याच्या कमरेला लेकीच्या जुन्या शालीने काहीतरी घट्ट बांधलेलं होतं. गरम पाण्याची पिशवी.

साचेबाई तिथेच उभी राहिली. शोभणार नाही इतका वेळ. तिचा हात आपोआप हवेत त्या पाठीवरून फिरला, खांद्यापासून कमरेपर्यंत, जसा टबाशी फिरायचा. ही पाठ तिने पहिल्यांदाच पाहिली होती. मग आपण साचा काढला तो कोणाचा? दार वाजलं की उठून उभा राहतो, त्याचा. दारातल्या जावयाचा. तो काही धाकट्या चंद्राकडे जाणार नव्हता. जाणार होता हा मटारवाला, आणि येताना त्याच्या कमरेखाली मूठभर पोकळी असणार होती. ती पोकळी तिने स्वतःच्या हाताने ओतून, घासून, गुळगुळीत करून ठेवली होती.

तिने वळसा घालून पुढचं दार वाजवलं. उघडलं तेव्हा समोर फळी हजर. पिशवी गायब होती, पण सदऱ्यावर कमरेपाशी ओला गोल उमटला होता.

"जावईबापू, पाठ कशी आहे?"

"उत्तम, आई."

"सीट कुठे टोचत नाही ना?"

"छे. तुमच्या हातची सीट टोचेल कशी?"

लेक खाली पडलेली सालं फार मन लावून गोळा करत होती. नंतर ती आईला सोडायला फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, आता काही विचारत बसू नकोस. चाचण्या सुरू झाल्यापासून त्याची कंबर धरलेली आहे. डॉक्टरांना सांगितलं तर ते विश्रांती लिहून देतील, आणि त्याच्या जागेवर पर्यायी वैमानिक जाईल. हा पर्यायी वैमानिक जावयाची तब्येत रोज हसतमुखाने विचारायचा.

"डॉक्टरांचं कळलं. मला का नाही सांगितलं?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

साचेबाई घरापर्यंत चालत गेली. एका बाजूला आपल्याला वाटणारं वाईट, दुसऱ्या बाजूला त्याचा कणा. जावयाने तराजूत ही दोन्ही टाकली आणि कणा हलका भरला. असल्या माणसाला रागवावं की ओवाळावं, तिला कळेना. राग मात्र तिला स्वतःचा आला होता, आणि तो चालून चालून उतरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घाईसाहेबांच्या खोलीत गेली. ते उभ्याउभ्या तीन कामं करत होते. दोन्ही चंद्र एका बाजूला येऊन वाट मोकळी व्हायला फार दिवस उरले नव्हते, आणि भिंतीवरच्या पाटीवर चाचण्यांच्या तारखा खच्चून भरलेल्या होत्या. साचेबाईने सांगितलं की यानाच्या कप्तानाची, म्हणजे जावईबापूंची, सीट चुकली आहे, साचा नव्याने काढायचा आहे, तोवर त्याला घुसळणखान्यात पाठवू नका.

घाईसाहेब थांबले. ही गोष्ट फारशी कोणी पाहिलेली नव्हती.

"कप्तानाची तक्रार आहे?"

"नाही. ते म्हणतात उत्तम आहे."

"मग डॉक्टरांची?"

"नाही."

"मग तुम्हाला सांगितलं कोणी?"

"त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीनं," साचेबाई म्हणाली, आणि मग सगळं सांगून टाकलं. सुस्कारा न ऐकता ओतलं. का, तर जावई म्हणून. चूक माझी, त्यांच्या पाठीची नाही. सीट बदलली की कंबर सुटेल. नाही सुटली तर दुसऱ्याला पाठवा, मी त्याचाही साचा काढीन, आणि त्याला चिक्कार हसवीन.

घाईसाहेब खुर्चीत बसले. त्यांचा जावई याच इमारतीत खरेदीखातं सांभाळायचा, आणि सासरे जिन्यावर दिसले की पुढच्या मजल्यावर निघून जायचा, हे सगळ्या कंपनीला ठाऊक होतं. ते म्हणाले, "मी आयुष्यभर पंप विकले बाई. गिऱ्हाईक ओरडत परत आलं, असं पुष्कळ झालं. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत बनवणारा स्वतः येऊन सांगतो की बिघडलाय, असं कधी झालं नाही. उशीर केला नाहीत, हे उपकार समजतो." आणि उठून त्यांनी पाटीवरचं बरंच काही स्वतःच्या बाहीने पुसून टाकलं. मग डॉक्टरांना बोलावून सगळं उघड सांगितलं. डॉक्टरांनी कप्तानाला जवळ बसवलं, कंबर चाचपली आणि ठरवलं की नव्या सीटमध्ये चाचण्या सुखरूप झाल्या तर तोच जाईल.

उरला प्रश्न सुस्काऱ्याचा. चूक कबूल करणं सोपं होतं, ती सुधारणं महाकठीण, कारण जावई पुन्हा टबात आला तो आणखी ताठ होऊन. सासूबाईंना आपल्यामुळे साहेबांसमोर मान खाली घालावी लागली, या विचाराने त्याची पाठ आता लोखंडी झाली होती.

साचेबाई पहाटेपासून राबली होती. प्लास्टर चाळून ठेवलं, पाणी कोमट केलं, टब पुसला. मनात गमतीजमती जुळवून ठेवल्या. पहिली गंमत सांगितली, जावई अदबीने हसला. दुसरी सांगितली, तो त्याहून अदबीने हसला. "सैल पडा, जावईबापू." "पडलो, आई." कडक फळी. ती म्हणाली मी बाहेर जाते, तर तो म्हणाला, छे छे, तुम्ही कशाला उठता, गुडघा दुखतो ना. ही गोष्ट त्याला माहीत आहे, हे तिला तेव्हा कळलं. टेबलाखाली लपवलेला गुडघा इतकी वर्षं तो बघत होता तर.

जेवणाची वेळ झाली, टळून गेली. खिडकीतून ऊन टबाच्या कडेवर आलं. अस्तरवालीच्या बडबडीनेसुद्धा काही होईना. साचेबाई भिंतीला टेकली. वाट बघायची, तिने ठरवलं. पाठ कधीतरी दमेलच, आपल्याला फक्त त्या क्षणी जागं असायला हवं.

त्यानंतर तिला आठवतं ते एकदम अस्तरवालीचं तोंड, अगदी जवळ, आणि त्यावर न मावणारं हसू.

"उठा बाई. झालं."

"काय झालं?"

"ओतलं मी. धरलंयसुद्धा."

साचेबाई धडपडत उठली. टबात जावई पडलेला होता, चहूबाजूंनी पांढरंशुभ्र प्लास्टर, आणि मधे तो. डावा खांदा खाली. कंबर बाहेर. मान एका अंगाला, तोंड अर्धवट उघडं. तो झोपला होता. तिने प्लास्टरला हात लावला. घट्ट होताना ते तापतं, तसं ते तापलेलं होतं, पाव भाजून नुकता भट्टीतून काढावा तसं.

काय घडलं ते अस्तरवालीने तिला बाहेर नेऊन सांगितलं. तुमचा डोळा लागला. तोवर ठीक होतं. मग तुमची टोपी सरकून नाकावर आली, आणि तुम्ही घोरायला लागलात. साधंसुधं नाही. घुसळणखाना बंद असेल तर लोकांना वाटेल चालू झाला. जावई आधी घाबरले, माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, रोजचं आहे. मग त्यांना हसू फुटलं. आवाज होऊ नये म्हणून दाबून दाबून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि मग टाकला की हो त्यांनी सुस्कारा, एवढा लांब, की मला वाटलं आता टबच रिकामा होतो. पाठ अशी खाली आली. मी म्हटलं, आली घरी. आणि घेतलं ओतायला. मी तुम्हाला उठवणार होते, पण तुम्ही उठला असता तर ते पण उठले असते.

साचेबाई डोक्याला हात लावून पायरीवर बसली. जावयासमोर घोरली होती ती. टोपी नाकावर घेऊन. ही लाज पुढे किती वर्षं पुरेल याचा अंदाज घेताघेता तिच्या लक्षात आलं की आपल्याला फारशी लाज वाटतच नाहीये. आत जाऊन तिने साचा सुटा करायला घेतला. जावई जागा झाला होता. दोघंही एकमेकांकडे न बघता प्लास्टर खरवडत राहिली, आणि घोरण्याबद्दल दोघांनीही अवाक्षर काढलं नाही.

नवी सीट जुनीइतकी देखणी नव्हती. एका अंगाला कललेली, मधे फुगीर. घाईसाहेब तिच्याकडे बघून म्हणाले, ही माणसासारखी दिसते. जावयाची कंबर काही दिवसांतच सुटली. घुसळणखान्यातून उतरताना तो कमरेला हात न लावता उतरू लागला, आणि आशा सुटल्यामुळे पर्यायी वैमानिकाचं हसू थोडं खऱ्यासारखं झालं.

यान गेलं. धाकट्या चंद्राला वळसा घालून ते आलं तेव्हा साचेबाई अस्तरवालीचा हात धरून कारखान्याच्या गच्चीत उभी होती. लेकीसकट सगळे गच्चीत लावलेल्या पडद्याकडे बघत होते. ती बघत नव्हती. माळावर वारा उठला होता. कुपी छत्रीसकट तिरकी खाली आली आणि आदळून, उसळून पुन्हा आदळली. दणक्याला डोळे असतात. साचेबाईने आपले मिटून घेतले आणि त्या पाठीवरून मनातल्या मनात हात फिरवला, खांद्यापासून कमरेपर्यंत. कुठे पोकळी सापडली नाही. तरी तिने पुन्हा फिरवला. अखेर लेकीचाच आवाज आला, की तो बाहेर आलाय, स्वतःच्या पायांनी. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दणका जबर होता, पाठीला काही नाही. घाईसाहेबांनी गच्चीत येऊन साचेबाईसमोर हात जोडले, आणि तिचं उत्तर ऐकायला चक्क थांबले. तिला उत्तरच सुचलं नाही.

सत्कार, फोटो, भाषणं संपायला पुष्कळ दिवस लागले. ते संपल्यावर एका दुपारी साचेबाई कामावरून घरी आली, तर दार उघडंच. तिच्या खिडकीशी असलेल्या आरामखुर्चीत जावई पसरला होता. पोटावर मटारची परात, खांदा खाली, पाय फाकलेले. लेक आत चहा करत होती. साचेबाई उंबऱ्यात थांबली. सवयीने तिला वाटलं, आता उठेल.

तो उठला नाही. नुसती मान वळवली. "आलात, आई? बसा ना."

ती समोरच्या स्टुलावर बसली. पायातल्या सपाता उडवल्या, दुखरा गुडघा लांब केला आणि तो सरळ परातीच्या काठाशी आणून ठेवला. त्याने परात थोडी सरकवून तिला जागा दिली. बराच वेळ दोघं सोलत राहिली. मग तो दाण्यांकडे बघतच म्हणाला, "येताना फार हललं. तेव्हा सारखा आपोआप ताठ व्हायला लागलो. मग डोळे मिटले आणि तुमचं घोरणं आठवलं. लगेच सैल पडलो. दणका बसला तेव्हा मी हसत होतो, आई."

साचेबाईने एक शेंग उघडली. त्यातले दाणे तिला नीट दिसेनात, म्हणून तिने ती तशीच परातीत टाकली. इतके दिवस उत्तर सुचत नव्हतं, ते आता सुचलं.

"मी घोरत नाही," ती म्हणाली, आणि दोन दाणे त्याच्या हातावर ठेवले.